सुपारी फुटायच्या आधी

श्रोतेहो, नमस्कार.

तुळशीचं लग्न लागलं की सोलापुरात खऱ्या लग्नांची घाई सुरू होते. चाटी गल्लीत बस्त्यासाठी गावाकडून टेम्पो भरून माणसं उतरतात, आचारी तारखा देईनासे होतात आणि घराघरांत याद्यांच्या बैठका बसतात. आज मला त्या बैठकीविषयीच बोलायचं आहे. लग्नाचं कर्ज मांडवात होतं असं आपण समजतो. माझ्या मते ते त्याआधीच, सतरंजीवर बसून याद्या लिहिताना होतं.

बैठक तुम्ही पाहिलेलीच आहे. दोन्हीकडची जाणती माणसं समोरासमोर बसतात. ज्याचं अक्षर बरं त्याच्या हातात वही जाते. वर 'श्री सिद्धेश्वर प्रसन्न' लिहिलं जातं आणि खाली कलमं पडत जातात: मुहूर्त, कार्यालय, नवरीचे शालू, नवरदेवाचा पोशाख, मानाच्या साड्या, ताटं किती, बँड कुणाचा. चहा होतो, पाच जणांच्या सह्या होतात, सुपारी फुटते. कोण काय करणार हे सगळं त्या वहीत असतं. पैसे कुठून येणार, हे मात्र एकाही कलमात नसतं. ते विचारणं म्हणजे समोरच्याची लायकी काढणं, अशी आपली समजूत. मग मुलीचा बाप मान हलवत राहतो आणि घरी गेल्यावर बायकोला म्हणतो, "बघू, काहीतरी होईल."

ते 'काहीतरी' पुढे आमच्या टेबलावर यायचं. मी बँकेच्या कर्ज विभागात काम केलं. अर्जावर कारणाच्या रकान्यात 'घरदुरुस्ती' लिहिलेलं असायचं आणि कागद काढताना पिशवीतून लग्नपत्रिकेचा मसुदा बाहेर डोकवायचा. माणूस एरवी व्यवहाराला चोख असायचा, महिन्याचा किराणा दोन रुपयांनी कुठे स्वस्त मिळतो हे त्याला ठाऊक असायचं. पण लग्नाचा आकडा विचारला की उत्तर यायचं, "मॅडम, अजून धरलेला नाही."

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. आपल्याकडे आधी तारीख ठरते, मग कार्यालय, मग माणसं आणि सगळ्यांत शेवटी पैसे. हा क्रम उलटा करायचा. आकडा सुपारी फुटायच्या आधी ठरवायचा, आणि तो चारचौघांत बोलून दाखवायचा.

आता कुणी म्हणेल, आपली माणसं लग्नातच बुडतात, हे तर इंग्रजांच्या काळापासून चालत आलंय. त्यात अर्धंच खरं आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी उठले, सावकारांच्या घरातले कर्जरोखे बाहेर काढून जाळले, आणि हे लोण पुणे-नगर जिल्ह्यांत पसरलं. सरकारने चौकशीला आयोग नेमला. साहेबलोकांचं मत आधीपासून ठरलेलं होतं, की रयत लग्नाकार्यात उधळते म्हणून बुडते. आयोगाने मात्र लिहिलं, की लग्नखर्चाला नको तेवढं महत्त्व दिलं गेलं आहे. लग्न काही रोज येत नाही. बी-बियाणं, बैल, शेतसारा, खायला धान्य यांची बारीकसारीक देणी साचत जातात आणि त्यांनी कर्ज फुगतं. पुढे १८७९ मध्ये शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देणारा कायदा आला. तो ज्या चार जिल्ह्यांना लागू झाला त्यांत पुणे, सातारा, नगर आणि आपलं सोलापूर होतं.

मला आयोगाचं म्हणणं आजही पटतं. बारीक देण्यांची नावं तेवढी बदलली. मोबाइलचा हप्ता, गाडीचा हप्ता, बचत गटाचा हप्ता, फायनान्सवाल्याचा आठवड्याचा हप्ता. त्यावर लग्न येऊन बसतं. तेव्हा लग्नाचा आकडा धरायच्या आधी घरात चालू असलेले हप्ते एका कागदावर मांडा. ज्या घरात चार हप्ते आधीच चालू आहेत, तिथे पाचवा काढताना लग्नाला दोष देण्यात अर्थ नाही.

पाचवा हप्ता काढलाच, तर तो कितीला पडतो, तेही ऐका. तीन लाखांचं वैयक्तिक कर्ज, वर्षाला १६ टक्के व्याज, मुदत तीन वर्षं. महिन्याचा हप्ता साधारण १०,५५० रुपये येतो. फेड होईपर्यंत तीन लाखांचे तीन लाख ८० हजार झालेले असतात. नातवाचं बारसं होऊन जातं, पोराच्या वरातीचे पैसे फिटत असतात.

आणि हे झालं बँकेचं. सावकाराकडे भाषा वेगळी. तो टक्के म्हणत नाही, 'शेकडा पाच' म्हणतो, आणि तो पाच महिन्याचा असतो. दोन लाखांना महिन्याला दहा हजार नुसतं व्याज. वर्षभरात एक लाख २० हजार भरूनही मुद्दल जागच्या जागी. आता कायदा काय म्हणतो बघा. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याखाली सरकारने दर ठरवून दिले आहेत. शेतकऱ्याला तारण ठेवून वर्षाला ९ टक्के, विनातारण १२. इतरांना तारणावर १५, विनातारण १८. म्हणजे त्याच दोन लाखांना वर्षाला जास्तीत जास्त ३६ हजार. परवाना नसताना सावकारी करणं हा गुन्हा आहे आणि त्याला कैदेची शिक्षा आहे. तक्रार तालुक्याच्या सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकांकडे करता येते. पण लग्न तोंडावर आलेला माणूस तक्रार करत नाही, हे मी पाहिलेलं आहे. त्याला पैसे आजच हवे असतात आणि सावकार ते आजच देतो. त्याचा सगळा धंदा त्या 'आज'वर चालतो.

तेव्हा 'आज' यायच्या आधी काय करता येईल? पोस्टाची पाच वर्षांची आवर्ती ठेव घ्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिचा व्याजदर ६.७ टक्के झाला. दर तीन महिन्यांनी सरकार दर जाहीर करतं, तेव्हा खातं उघडताना खिडकीवर विचारून घ्या. या दराने महिन्याला ३,००० टाकले तर पाच वर्षांनी एक लाख ८० हजारांचे सुमारे दोन लाख १४ हजार हातात येतात. मुलगी दहावीत असताना सुरू केलं, तर ती वीस-एकवीसची होईपर्यंत पैसे तयार असतात. घरात लहान मुलगी असेल, वय दहाच्या आत, तर सुकन्या समृद्धीचं खातं आहेच. वर्षाला किमान २५० रुपये भरूनही ते चालू राहतं. पंधरा वर्षं भरायचं, खातं उघडल्यापासून एकवीस वर्षांनी मुदत संपते, आणि मुलगी अठराची झाल्यावर शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. मला विचाराल तर ती रक्कम शिक्षणालाच जावी. नर्सिंगला गेलेल्या मुलीच्या याद्यांत मानाच्या साड्यांची संख्या आपोआप कमी होते, असा माझा अनुभव आहे.

भिशीचं काय, असं पूर्व भागातल्या कितीतरी बाया मला विचारतात. गल्लीतली, ओळखीच्या वीसजणींची भिशी वाईट नाही, शिस्त लागते. पण बोलीची भिशी नीट समजून घ्या. तिथे जी जास्त पैसे सोडायला तयार, तिला भिशी आधी मिळते. गरज पडून लवकर उचलली, तर बोलीत सोडलेले पैसे हे व्याजच असतं. पतसंस्थेत पिग्मी भरत असाल, तर एक लक्षात ठेवा: बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. सराफाच्या दुकानातल्या मासिक योजनेचंही तेच. एजंट रोज दारात येतो, गोड बोलतो, म्हणून सगळी शिल्लक एकाच ठिकाणी ठेवू नये. आणि पीएफ. लग्नासाठी तो काढता येतो, परत भरावा लागत नाही, म्हणून फुकटचा वाटतो. ती तुमच्या म्हातारपणाची भाकरी आहे.

आता ताटांकडे येऊ, कारण खरा पैसा तिथे जातो.

आचारी यादी देतो, किराणा आपण भरायचा, वाढपी वेगळे, गॅस वेगळा, जारचं पाणी वेगळं. समजा सगळं मिळून ताट १६० रुपयांना पडलं. बाराशे ताटांचे झाले एक लाख ९२ हजार. पाचशे ताटांचे ८० हजार. फरक एक लाख १२ हजारांचा. महिन्याला पाच हजार बाजूला टाकणाऱ्या घराची ही जवळपास दोन वर्षांची बचत झाली. आणि ती सातशे माणसं कोण? वहीत नावं वाचून बघा. वडिलांच्या कारखान्यातल्या दोन्ही पाळ्या, ज्यांच्या घरी आपण जेवून आलो ते, ज्यांच्या घरी जायचंय ते, वॉर्डातले इच्छुक, आणि 'न बोलावलं तर वाईट दिसेल' असे उरलेले. हे शेवटचे सगळ्यांत जास्त.

मी एक सोपा उपाय सांगत असते. यादी तीन जणांनी वेगवेगळी लिहायची: आई, वडील आणि जिचं लग्न आहे ती मुलगी. मग तिन्ही याद्या शेजारी ठेवायच्या. तिन्हींत जे नाव आहे ते पक्कं. दोहोंत आहे, त्यावर बोलायचं. एकाच यादीत असेल, तर त्याला लग्नानंतर घरी चहाला बोलवायचं. भांडणं होतात, होऊ द्यात. ती घरातल्या घरात होतात, पैसे लागत नाहीत.

मे महिन्यातल्या लग्नाचंही जरा बघा. सोलापूरचं ऊन तुम्हाला मी काय सांगायचं? पारा ४३-४४ वर. कूलर भाड्याने, बर्फाच्या लाद्या, पाण्याचा टँकर, वीज गेली तर जनरेटर, आणि दुपारच्या पंगतीत अर्धं जेवण ताटात. माणसाला मठ्ठ्याशिवाय काही जात नाही. तरी जिलेबीचा आग्रह. मधल्या वाराचा काढीव मुहूर्त, गोरज मुहूर्त, थंडीतला दिवस यांत कार्यालयवाला भाव कमी करायला तयार होतो, फक्त विचारावं लागतं. बयाणा दिला की पावती घ्यायची आणि त्यावर वीज, सफाई, भांडी यांचं काय ते लिहून घ्यायचं. 'नंतर बघू' म्हणाला, की नंतर तोच बघतो.

टॉवेल-टोपीवर तर मी वेगळं भाषण देऊ शकते. आपलं गाव टॉवेलचं. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल, दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे. त्याच गावात लग्नात जो टॉवेल फिरतो त्याने आजवर कुणाचं अंग पुसलं असेल असं मला वाटत नाही. मांडवात माईकवरून नाव पुकारतात, अमुक अण्णा, तमुक मालक, सत्कार स्वीकारावा. अण्णा येतात, टोपी डोक्यावर टेकवून लगेच काढतात, टॉवेल खांद्यावरून काखेत, काखेतून पिशवीत. तो पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच्या मांडवात जातो. इस्त्रीची घडीसुद्धा मोडत नाही. देणाऱ्याने मात्र तो डझनावारी विकत आणलेला असतो. तोवर अक्षता थांबलेल्या, मुलं रडतायत, मुहूर्त टळून गेला. मानाच्या साड्यांचंही हेच: दोनशेची साडी, नेसणारी कुणी नाही, पण एखादीला चुकून मिळाली नाही तर दहा वर्षं ऐकून घ्यावं लागतं. ज्या दोन घरांनी ठरवून 'मानपान दोन्हीकडून बंद' असं पत्रिकेतच छापलं, तिथे कुणी रुसल्याचं मला तरी दिसलं नाही. एकट्याने बंद केलं की कंजूस ठरतो. दोघांनी मिळून केलं की सुधारक.

रोख आहेराची गोष्ट निराळी. ती मला आवडते. वहीत नाव, पुढे १०१, ५०१, आणि त्यांच्या घरच्या कार्यात आपण तेवढे किंवा थोडे वाढवून परत करायचे. बिनव्याजी उसनवारीच आहे ती, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. फक्त आहेर येणार म्हणून आधीच खर्चात धरू नका. आला तर मंडपवाल्याची शेवटची बाकी भागते.

सोन्याबद्दल थोडक्यात. हॉलमार्क आणि दागिन्याच्या ओळखीचा सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक बघून घ्या. मजुरी तोंडी नको, बिलावर हवी. घरातलं जुनं मोडून करायचं असेल तर वजनात घट किती धरली ते विचारा. मंगळसूत्र सोन्याचं, बाकी एक ग्रॅमचं, यात आता कुणाला काही वाटत नाही. हुंडा देणं आणि घेणं दोन्ही १९६१ पासून गुन्हा आहे. 'पोशाख', 'गाडीला हातभार', 'फर्निचर' ही त्याचीच नावं.

विडी घरकुलातल्या, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतल्या, एका बाईंचं सांगते. यजमान यंत्रमागावर, त्या स्वतः विड्या वळायच्या, मजुरी हजार विड्यांच्या हिशोबाने. त्या आमच्याकडे कर्जाला आल्या नव्हत्या, ठेव मोडायला आल्या होत्या. बरोबर मुलीच्या शाळेची जुनी वही. मागच्या पानावर मधोमध रेघ. डावीकडे 'असलेले', उजवीकडे 'लागणारे'. डावीकडे ठेव, भिशी, पोस्ट, सगळं मांडून खाली बेरीज: दोन लाख दहा हजार. मी विचारलं, "भावाचं काही धरलं नाही? मामा काहीतरी करेलच की."

"करतो म्हणालाय मॅडम, तोळाभर. हातात आल्यावर लिहीन."

बैठकीत काय झालं, तेही त्यांनीच सांगितलं. याद्या सुरू व्हायच्या आधी यजमानांनी वही पुढे सरकवली आणि म्हणाले, "पाव्हणं, आमच्याकडं एवढं हाय. ह्याच्यात बसतं ते थाटात करू. वर काय करायचं असंल तर तुमच्याकडून किती, ते आत्ताच लिहू." थोरले दीर जागच्या जागी लाल झाले. मुलाची आई गप्प. मग मुलाच्या चुलत्याने विचारलं, "सुपारीलाच उरकायचं का मग?" साखरपुड्यातच लग्न लागलं, साडेतीनशे ताटं, मसालेभात, वांग्याची भाजी, बुंदी आणि गव्हाची गोड हुग्गी. निम्मा खर्च मुलाकडच्यांनी उचलला. थोरले दीर लग्नात उशिरा आले आणि दोनदा हुग्गी घेतली.

पण समजा पाव्हणे उठून गेले असते तर? बाईंना मी विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "आकडा ऐकून उठणारी माणसं पुढं काय काय मागतील, मॅडम?" मला यावर पुढे बोलायला काही सुचलं नाही.

हौस करू नये असं माझं मुळीच म्हणणं नाही. आपल्या गावचं सगळ्यांत मोठं लग्न, ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांचं, तर दर जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत लागतं. संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, पांढऱ्या बाराबंदीत गाव लोटतं, लाखो वऱ्हाडी. अक्षता टाकून झाल्या की भज्याचे पैसे ज्याचे त्याने द्यायचे. सिद्धरामेश्वरांच्या नावावर उधारी नाही.

कमी खर्चात लग्न करणं ही काही गरिबांवर आलेली पाळीही नव्हे. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने २५ डिसेंबर १८७३ ला पहिलं लग्न लावलं तेही मोजक्या खर्चात. आज नोंदणी पद्धतीनेही लग्न करता येतं. विशेष विवाह कायद्याखाली विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात ३० दिवस वास्तव्य हवं. नोटिशीनंतर ३० दिवस थांबायचं, आणि तीन साक्षीदार न्यायचे. संध्याकाळी घरच्यांना जेवण घाला, झालं.

सरकारी मदतही आहे. सामूहिक किंवा नोंदणीकृत विवाह करणाऱ्या शेतकरी-शेतमजुरांच्या मुलींसाठी शुभमंगल योजनेत २५ हजार रुपये मिळतात. त्याची चौकशी महिला व बालविकास विभागाच्या जिल्हा कार्यालयात करा. बांधकाम कामगार मंडळाकडे नोंदणी असलेल्या कामगाराला स्वतःच्या पहिल्या लग्नासाठी ३० हजार मिळतात. ठराविक प्रवर्गांतल्या आंतरजातीय विवाहाला ५० हजार आहेत, ते समाजकल्याण खात्याकडून. हे पैसे लग्न झाल्यावर येतात, म्हणून त्यांच्या भरवशावर बस्ता बांधू नका. पण कागद आधीपासून जमवा: दोघांचे वयाचे दाखले, रहिवासी दाखला, आधार, बँकेचं पासबुक. लग्न मांडवात लागलं असलं तरी त्याची नोंदणी करून प्रमाणपत्र घ्या, ते पुढे दहा ठिकाणी लागतं. नोंदणीच्या वेळी पत्रिकाही मागतात, तेव्हा सगळ्या वाटून टाकू नका, एक घरी ठेवा.

नमस्कार.